म्युनिकमध्ये पहिला वरण-भात: नवीन आलेल्यांनी सामान कुठे आणि कसं शोधायचं

सप्टेंबर संपत आला की माझ्या व्हॉट्सॅपवर एकच मेसेज वेगवेगळ्या नंबरांवरून यायला लागतो. "दादा, इंडियन स्टोअर कुठेय जवळपास?" कुणाचा तरी चुलतभाऊ असतो, कुणाच्या तरी ऑफिसातली नवीन मुलगी असते, ऑक्टोबरात विंटर सेमिस्टर सुरू होतं म्हणून आलेली पोरं असतात. पहिले तीन-चार दिवस नोंदणी, बँक, सिमकार्ड यातच जातात, जेवण म्हणजे ब्रेड, चीज आणि बॅगेतल्या चकल्या, आणि मग एका संध्याकाळी अचानक डोक्यात शिरतं की आपल्याला आत्ताच्या आत्ता मऊ भात, पिवळं वरण, वर तूप आणि लिंबू एवढंच पाहिजे, बाकी काही नको. मग मॅपवर इंडियन स्टोअर शोधतात, ते निघतं पाऊण तासावर, आणि पोचेपर्यंत शटर खाली.

तर माझं म्हणणं असं की इंडियन स्टोअरला जा, पण ते सगळ्यात शेवटी. पहिला वरण-भात घराखालच्या रेवे, एडेका, लिडल कुठल्याही दुकानातल्या सामानावर होतो. फक्त तिथे आपल्या पदार्थाचं नाव शोधत बसू नका. तुरडाळ, आंबेमोहोर, साजूक तूप असलं काही लिहिलेलं दिसणार नाही. ती वस्तू मुळात काय आहे, कुठल्या धान्याची आहे, जाड की बारीक, ते बघा आणि पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा, फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचा. मला २०१७ मध्ये हे सांगायला कुणी नव्हतं, त्यामुळे खाली ज्या चुका लिहिल्यात त्यातल्या बहुतेक मी स्वतः खाऊन बघितल्यात.

पायरी १: आधी घड्याळ बघा

म्युनिक बायर्न राज्यात आहे आणि इथे दुकानं रात्री ८ ला बंद. बाकीच्या बऱ्याच राज्यांत १० पर्यंत चालू असतात, पण तुमचा बर्लिनचा मित्र काय सांगतो ते ऐकून साडेआठला पिशवी घेऊन निघू नका. रविवारी सगळं बंद, सणाच्या सुट्टीलाही बंद, आणि सुट्टी शनिवारी किंवा सोमवारी आली तर सलग दोन दिवस बंद. अगदीच अडलं तर मोठ्या रेल्वे स्टेशनच्या आतली दुकानं रविवारी चालू असतात, गर्दी मात्र दादर स्टेशनची आठवण यावी अशी. कापडी पिशवी सोबत ठेवा. प्लॅस्टिकच्या बाटल्या फेकू नका, दुकानातल्या मशीनमध्ये टाकल्या की बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात. सात-आठ बाटल्यांत मसूर डाळीचं एक पाकीट निघतं, पोरांनो.

पायरी २: तांदूळ

तांदळाच्या फळीसमोर उभं राहिलं की पहिला हात जातो बासमतीकडे, कारण ते एकच नाव ओळखीचं असतं. पण बासमतीचा वरण-भात म्हणजे लग्नातला मसालेभात साधा म्हणून वाढल्यासारखा, दाणा न दाणा वेगळा आणि वरण खाली निथळून जाणार. तुम्हाला पाहिजे बुटका, चिकट, मऊ होणारा तांदूळ, आणि तो इथे प्रत्येक दुकानात असतो, त्याचं नाव मिल्शराइस. म्हणजे दुधातला भात, जर्मन लोक त्याची खीर करून वर दालचिनी-साखर भुरभुरतात, लहान पोरांचा आवडता पदार्थ. आपल्याला त्यांच्या खिरीशी काही देणंघेणं नाही. एक वाटी मिल्शराइस, तीन वाट्या पाणी, थोडं मीठ, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं झाकण ठेवून. आंबेमोहोराचा वास येणार नाही हे खरं, पण बोटांनी कालवला की इंद्रायणीच्या जवळ जातो.

दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे कोरडा तांदूळ घ्या, पाकिटातला. फ्रिजमध्ये मिल्शराइस नावाचे छोटे कप असतात ते तयार गोड खिरीचे. माझ्या पहिल्या रूममेटने घाईत ते उचलले होते आणि त्यावर वरण ओतल्यावर त्याला कळलं, तेही वरण संपत आल्यावर. दुसरं, ज्या पाकिटावर पारबॉइल्ड लिहिलंय किंवा ज्यात तांदूळ छोट्या भोकाभोकाच्या पिशव्यांत भरलेला असतो तो सोडून द्या, तो कितीही शिजवा, मऊ होत नाही, वेगळाच राहतो.

पायरी ३: डाळ

तूर नाही. हे एकदा मनाशी पक्कं करा म्हणजे त्रास कमी होतो. साध्या सुपरमार्केटात मिळते ती मसूर डाळ, इथलं नाव रोटे लिन्झेन, म्हणजे लाल डाळ, आणि ती शिजल्यावर पिवळी होते. कुकर नसला तरी पंधरा मिनिटांत मऊ होते, नव्या घरात ज्यांच्याकडे एकच पातेलं आहे त्यांच्यासाठी हीच बरी. मसुरीला स्वतःचा वास असतो, तो कमी करायला आलं किसून टाका, आलं सगळीकडे मिळतं.

फसायची जागा इथे आहे. शेजारीच पिवळी, अर्धी केलेली, अगदी हरभरा डाळीसारखी दिसणारी डाळ असते, आणि आपल्याला वाटतं सापडली तूर! पाकिटावर शेलएर्ब्सन लिहिलं असेल तर ती वाटाण्याची डाळ आहे. सूप करतात तिचं. वरण होतं, पण खाताना प्रत्येक घासाला कुणीतरी मटार कानात सांगत बसतं. टेलरलिन्झेन म्हणून चपट्या तपकिरी असतात त्या अख्ख्या मसुरीच्या जातीच्या, उसळीला उत्तम, वरणाला नको.

अजून एक, म्युनिकचं नळाचं पाणी जड आहे, आठवड्याभरात किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो त्यावरून कळेलच. अशा पाण्यात तूर आणि हरभरा हट्टाला पेटतात, शिजतच नाहीत. डाळ तासभर भिजवा आणि शिजवताना चिमटीच्या टोकावर मावेल एवढा सोडा टाका. खायच्या सोड्याला इथे नाट्रॉन म्हणतात, केकच्या सामानात असतो. त्याच्या शेजारी बाकपुल्वर असते ती बेकिंग पावडर, ती डाळीत टाकू नका.

पायरी ४: तूप, आणि इथे डोळे उघडे ठेवा

शाकाहारी लोकांनी हा भाग दोनदा वाचा. बुटरश्माल्त्स म्हणजे लोणी कढवून काढलेलं तूप, बटरच्या फळीवर किंवा तेलांच्या बाजूला डब्यात मिळतं, वरण-भातावर चालतं. पण नुसतं श्माल्त्स म्हणजे डुकराची चरबी. दोन्ही पांढरट-पिवळी, दोन्ही डबे सारखेच, आणि कधी कधी एकाच फळीवर शेजारी शेजारी. नावाच्या आधी बुटर आहे ना, हे बोट ठेवून वाचायचं आणि मगच टोपलीत टाकायचं. माझ्या ओळखीतल्या एका घरी सत्यनारायणाच्या शिऱ्याची तयारी चालली होती आणि डबा उघडल्यावर एका काकूंनी पाकीट वाचलं म्हणून वाचले सगळे.

बुटरश्माल्त्स चालतं म्हटलं मी, पण खरं सांगायचं तर त्याला वास नाही. डब्यातलं तूप आणि लोणकढं तूप यात जो फरक असतो तोच. आपल्याकडे साय विरजून, ताक घुसळून, लोणी काढून मग कढवतात, त्या विरजणातून तो वास येतो. इथे त्याच्या जवळ जाणारं बटर मिळतं, पाकिटावर झाउअररामबुटर लिहिलेलं असतं, म्हणजे विरजलेल्या क्रीमचं. झ्यूसराम म्हणजे गोड्या क्रीमचं, आणि मिल्डगेझॉयर्ट म्हणजे किंचित आंबट, मधलं. झाउअरराम घ्या. अडीचशे ग्रॅमची वडी जाड बुडाच्या पातेल्यात, मध्यमपेक्षा कमी आचेवर ठेवा. आधी पांढरा फेस येतो, मग तडतड सुरू होते, ती पाणी उडतंय तोवर चालते. तडतड कमी झाली की तिथून हलू नका, फोन बाजूला ठेवा, कारण त्यानंतर दोन-तीन मिनिटांत खालची बेरी सोनेरीची चॉकलेटी आणि चॉकलेटीची काळी होते. सोनेरी दिसली की पातेलं उचलून बाजूला घ्या. नुसतं बटण बंद करून भागत नाही, इथल्या काचेच्या शेगड्या बंद केल्यावरही बराच वेळ तापलेल्या राहतात. बटरमध्ये ८२ टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे एका वडीतून साधारण दोनशे ग्रॅम तूप निघतं. गाळून बाटलीत भरा, उरलेली बेरी साखर घालून खा, ती वाटून घ्यायची नसते.

खिडकी उघडी ठेवा. बहुतेक घरांच्या छताला धुराचे अलार्म असतात आणि फोडणी हा प्रकार त्यांना माहीत नाही.

पायरी ५: जिरं, ज्यात सगळे फसतात

मसाल्यांच्या फळीवर तीन बरण्या असतात. क्युमेल, क्रॉइट्सक्युमेल आणि श्वार्त्सक्युमेल. तिन्हीत क्युमेल आहे आणि क्युमेल हा शब्द ऐकायला इंग्रजी क्युमिनसारखा, त्यामुळे आपण सरळ पहिली बरणी उचलतो. ती कॅरवे असते, शहाजिऱ्याच्या गोतावळ्यातली, जी हे लोक राईच्या ब्रेडमध्ये, कोबीत आणि डुकराच्या भाजलेल्या मांसात घालतात. दाणाही जिऱ्यासारखाच, जरा काळपट आणि वाकडा. मी पहिल्या आठवड्यात ह्याचीच फोडणी दिली वरणाला, भरपूर, आणि घरभर बेकरीचा वास सुटला. वरण टाकून द्यायला जीव होईना म्हणून ते लिंबू पिळपिळून दोन दिवस खाल्लं. आपलं जिरं म्हणजे क्रॉइट्सक्युमेल. श्वार्त्सक्युमेल म्हणजे कलौंजी, काळी बारीक, ती टर्किश पावावर दिसते.

जिरं बहुतेक पूड स्वरूपात मिळतं, अख्खं मिळालं तर नशीब. हळद म्हणजे कुर्कुमा, धने म्हणजे कोरिआंडर, मेथ्या म्हणजे बॉक्सहॉर्नक्ली. लाल तिखट म्हणून पाप्रिका एडेलझ्यूस घेऊ नका, ते गोड असतं, रंगाला काश्मिरी मिरचीसारखं छान पण जिभेला काहीच कळत नाही. मोहरी मिळते पण पिवळी, जाडी, लोणच्यासाठीची. तडतडते, फक्त काळ्या मोहरीसारखा खमंगपणा येत नाही. हिंग विसरा तूर्तास.

लिंबाचं म्हणाल तर पिवळं मोठं झिट्रोने असतं ते जाड सालीचं, बरं असतं, पण आपल्या कागदी लिंबाची आठवण येत असेल तर हिरवं लिमेट्टे घ्या.

पायरी ६: शिजवा

एवढ्या सामानात पहिल्या रात्रीचं काम झालं. मसूर, हळद, आलं, मीठ, शिजल्यावर रवीने किंवा चमच्याने घोटा, चिमूटभर साखर घाला (गूळ अजून आला नाहीये), तुपात जिरं. बस.

कुकर भारतातून आणलेला असेल तर आधी शेगडी कसली आहे बघा. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही, साध्या काचेच्या शेगडीवर चालतो पण बूड सपाट पाहिजे. आणि इथला कुकर विकत घेतला तर एक धक्का बसेल. त्याला शिट्टी नसते. झाकणातून एक दांडी वर येते, तिच्यावर दोन रेघा असतात, दुसरी रेघ दिसली की आच कमी करून मिनिटं मोजायची. आई फोनवर विचारते किती शिट्ट्या काढल्यास, आणि मी म्हणतो दुसऱ्या रेघेवर दहा मिनिटं, की पलीकडे शांतता. भिजवलेल्या तुरीला ही दहा मिनिटं पुरतात, बाकी तुम्ही तुमच्या कुकरशी जुळवून घ्या. सुरुवातीचे महिनाभर मला स्वयंपाकघरात काहीतरी चुकतंय असं वाटत राहायचं, नंतर कळलं की शिट्टीचा आवाज नाहीये म्हणून.

पायरी ७: पहिल्या शनिवारी टर्किश दुकान

ह्याच्याकडे नवीन लोक का जात नाहीत मला कळत नाही. प्रत्येक एरियात एक तरी असतं, भाज्यांची खोकी बाहेर फूटपाथवर मांडलेली असतात त्यावरून ओळखायचं. म्युनिकमध्ये मोठं घबाड पाहिजे असेल तर मुख्य स्टेशनच्या दक्षिणेला ग्योटेश्ट्रास आणि लांडवेरश्ट्रास ह्या रस्त्यांवर चक्कर मारा, टर्किश, अरबी, अफगाण सगळी दुकानं एकाला लागून एक.

इथे पहिली घ्यायची ती कोथिंबीर. सुपरमार्केटात ती कुंडीत मिळते, सात काड्यांची, दोन दिवसांत मान टाकते. टर्किश दुकानात जुडी मिळते, आपल्या मंडईसारखी, मुळासकट सुद्धा कधी कधी. पण शेजारी हुबेहूब तशीच पार्सलीची जुडी असते, पेटरझीलिए म्हणतात, आणि पार्सली घातलेली कोशिंबीर म्हणजे निव्वळ फसवणूक. पान चुरडून वास घ्या, दुकानदार काही म्हणत नाहीत, तेही तेच करतात.

मग दही. दहा टक्के फॅटचं एक किलोचं डबडं मिळतं, यूगर्ट लिहिलेलं, ते विरजणालाही चालतं आणि नुसतं खायलाही. आयरान म्हणजे खारं ताक, तयार, थंडगार. रव्याला इर्मिक म्हणतात. मसुरीला किर्मिझी मर्जिमेक. नोहुत उनू म्हणजे काबुली चण्याचं पीठ, आपल्या बेसनापेक्षा जरा वेगळ्या चवीचं, पण पिठलं होतं, मी किती वेळा केलंय. लेब्लेबी म्हणजे फुटाणे. भेंडीला बाम्या, आणि ती इथे बोटाएवढी कोवळी मिळते. जिऱ्याला किम्योन. पेकमेझ नावाची बाटली दिसली तर घ्या, द्राक्षांचा आटवलेला रस असतो, काकवीची तहान भागते.

मिरचीचं मात्र सांगून ठेवतो. लांब हिरव्या मिरच्या दिसतात, बघून जीव हरखतो, आपण विचारतो तिखट आहे का, दुकानदार काका दोन्ही हात वर करून म्हणतात फार तिखट, फार तिखट. घरी आणून चिरल्यावर भोपळी मिरचीची धाकटी बहीण निघते. तिखट पाहिजे तर एशियन दुकानातली छोटी थाई मिरची घ्या, आणि ती मोजून घाला.

पायरी ८: पोळीचं पीठ

वरण-भातावर आठवडाभर निघतो, मग पोळी आठवते. जर्मन पिठाच्या पाकिटावर टिपे आणि पुढे आकडा असतो: ४०५, ५५०, १०५०. पुष्कळ लोकांना वाटतं ब्रँडचा नंबर आहे. तसं नाहीये. शंभर ग्रॅम पीठ पूर्ण जाळलं तर मागे किती मिलिग्रॅम राख म्हणजे खनिजं उरतात तो हा आकडा. कोंड्यात खनिजं जास्त, म्हणून आकडा मोठा तितका कोंडा जास्त, पीठ गडद. ४०५ म्हणजे जवळपास मैदा. त्याची पोळी गरम असताना बरी लागते आणि डब्यात नेली की दुपारी चामडं. फोलकॉर्न म्हणजे अख्ख्या गव्हाचं, त्याला आकडा नसतो, आणि आपल्याला वाटतं हेच ते, पण त्यातला कोंडा जाड, पोळी लाटताना कडा फाटतात.

मला जमलेलं प्रमाण असं: दोन वाट्या १०५० आणि एक वाटी फोलकॉर्न, फोलकॉर्न एकदा चाळून. पाणी हात राखून घाला. आपल्या चक्कीवर दळताना पीठ गरम होतं, दगडात रगडलं जातं, त्यामुळे ते पाणी जास्त पितं, इथलं पीठ तेवढं पीत नाही. आईच्या अंदाजाने पाणी ओतलं की खळ. कोमट पाणी, चमचाभर तेल, आणि मळून अर्धा तास झाकून ठेवा, हा अर्धा तास टाळू नका.

आणि आकडा वाचताना त्याच्या आधीचा शब्दही वाचा, गहू म्हणजे वाइत्सन. मी एकदा १०५० संपलं होतं म्हणून ११५० उचललं, म्हटलं शंभराने काय होतंय. ते रॉगन होतं, राई. पीठ परातीला चिकटलं, परात हाताला चिकटली, हात नळाला. शेवटी त्याची धिरडी केली आणि ती सुद्धा तव्याला चिकटली.

बटाट्याचंही असंच वाचावं लागतं. फेस्टकोखंड म्हणजे शिजल्यावर न फुटणारा, काचऱ्या आणि रश्श्यासाठी. मेलिश म्हणजे पिठूळ, बटाटेवड्यासाठी. उलट घेतलात तर वड्याचं सारण रबरी आणि भाजीचा लगदा.

पायरी ९: आता जा एशियन किंवा इंडियन दुकानात

आता जाताना यादी छोटी होते आणि खर्च कमी, हा फायदा. हिंग, काळी मोहरी, तुरडाळ, मूगडाळ, जाड पोहे, गूळ, चिंच, आणि फ्रीजरमधलं खवलेलं ओलं खोबरं. कढीपत्ता ताजा मिळाला तर उचला, नाहीतर फ्रोझन असतो. तुरडाळीच्या काही पाकिटांवर ऑइली लिहिलेलं असतं, ती तेल लावलेली डाळ, टिकते जास्त, पण गरम पाण्याने तीन-चारदा चोळून धुवावी लागते. घरी भातासाठी तिथली ब्रोकन राइसची पिशवी घ्या, व्हिएतनामी लोक वापरतात, ती म्हणजे आपली कणी. मिल्शराइस आणि कणी निम्मे निम्मे घालून केलेला भात मला आता साताऱ्याच्या घरच्या भातापेक्षा वेगळा वाटत नाही, आईसमोर हे बोलत नाही एवढंच.

पोह्यांसाठी सुपरमार्केटात शॉर्टकट शोधू नका. राइसफ्लॉकन नावाचं पाकीट दिसेल, तांदळाचे पोहेच की, असं वाटेल. ते लहान बाळांच्या खिमटीसाठी असतात. पाणी लागलं की संपलं. ओट्सचे पोहे करणारे लोक आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही, फक्त त्याला पोहे म्हणू नका.

शेंगदाणे मात्र साध्या दुकानात मिळतात, भाजलेले आणि बिनमिठाचे बघून घ्या, सरळ कूट करता येतं. कूट, चटणी, इडलीचं पीठ जे काय मिक्सरवर असेल ते रात्री दहाच्या आत उरका, दहानंतर शांततेची वेळ असते आणि खालच्या आजी छताला झाडूने ठोकतात.

पायरी १०: उपास

साबुदाणा म्हणून पर्लझागो नावाचं पाकीट मिळतं, दिसायला तंतोतंत. पाठीमागे घटक वाचा, बरेचदा बटाट्याचा स्टार्च निघतो. बटाट्याचा असल्यामुळे उपासाला चालतो, खिचडीला चालत नाही, भिजवला की सगळा एक गोळा. टापिओका लिहिलेलंच घ्या, एशियन दुकानात. उलट राजगिरा मात्र इथे सहज मिळतो, आमारांट म्हणतात, डेएमसारख्या औषधं-साबणाच्या दुकानात खाण्याच्या फळीवर असतो आणि त्याच्या फुललेल्या लाह्याही मिळतात, सकाळी दुधात घालून खातात हे लोक. आपण गूळ घालून लाडू वळायचे. गूळ संपला असेल तर फोलरोरत्सुकर, ही उसाची न गाळलेली साखर, गुळाच्या पावडरीसारखी लागते. रोरोरत्सुकर वेगळी, ती नुसती तपकिरी साखर.

श्रीखंडासाठी चक्का बांधत बसू नका, क्वार्क घ्या. मागर म्हणजे बिनसायीचं, ते कोरडं लागतं, ४० टक्केवालं घ्या, फडक्यात तासभर टांगा आणि साखर, वेलची, केशर. गुढीपाडव्याला आमच्या इथे चार घरांचं श्रीखंड ह्याच्यावरच होतं.

पायरी ११: पुढच्या वेळी भारतातून काय आणायचं

तूप, पेढे, खवा, बर्फी, काहीही दुधाचं आणायचं नाही. युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांच्या सामानातून आणायला बंदी आहे, थोडं असलं तरी. ताज्या फळांतही अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन ही पाच सोडली तर बाकी सगळ्याला सरकारी प्रमाणपत्र लागतं, म्हणजे आंबा नाही. नारळ चालतो म्हणून सुकं खोबरं भरू नका, ते पेट घेऊ शकणाऱ्या वस्तूंत मोडतं आणि आपल्याच विमानतळावर बॅगेतून बाहेर काढतात.

आणायचं ते गोडा मसाला, मेतकूट, हिंग, आमसुलं, भाजणी, कुळथाचं पीठ. शक्यतो दुकानातलं सीलबंद पाकीट, वर नाव छापलेलं. घरचं असेल तर पिशवीवर मार्करने काय आहे ते लिहा, कारण पांढऱ्या पिशवीत बांधलेलं पिवळं पीठ कस्टमच्या माणसाला समजावून सांगायला मेतकूट ह्या शब्दाला जर्मन शब्द नाही, मी प्रयत्न केलाय.

आणि बॅग स्वतः भरा. मागच्या डिसेंबरात निघायच्या आदल्या रात्री वजन करताना बॅग दीड किलो जास्त भरली, सगळं उपसलं तर माझ्या लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेली स्टीलची बरणी सापडली. "अर्धा किलोच आहे रे," आई म्हणाली, "कोण बघतंय." बरणी तिथेच राहिली. त्या जागेत मेतकुटाची दोन पाकिटं आणि आमसुलं बसली, मोजे हातात घेतले.